मात्रा चुकली तेव्हा

आमच्या इंदूरच्या घरातील मत्स्यालयात पहिली गोगलगाय दिसली, तेव्हा सर्वांना तिचे कौतुकच वाटले. नव्याने आणलेल्या पाणवनस्पतीच्या पानामागे चिकटलेल्या पारदर्शक अंडपुंजातून ती आली असावी. दोन महिन्यांत काचेवरचे ठिपके मोजता येईनासे झाले. या गोगलगायी उभयलिंगी असतात; एकटीही वंश वाढवू शकते.

मी गोगलगायींवरचे तांबेयुक्त औषध आणले. टाकी ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व तितकीच उंच. म्हणजे ५४ लिटर, असा हिशेब करून मात्रा ओतली. तळची वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा करण्याचे भान राहिले नाही. बाळाच्या वजनावरून थेंबाथेंबाचा हिशेब करण्यात ज्याची हयात गेली, त्याची ही चूक! सकाळी ९ पैकी ५ गप्पी मासे मरून तरंगत होते. तांबे माशांनाही विषारी असते. शिवाय शेकडो गोगलगायी एकदम मेल्या, की त्या कुजून पाण्यातील अमोनिया वाढतो. उरलेले चार मासे क्लोरीन उडालेल्या शिळ्या पाण्यात हलवले, म्हणून वाचले.

आई इतकेच म्हणाली, "अरे, ताप कशाचा ते न बघताच औषध दिलंस होय?"

प्रत्येक सर्दीला प्रतिजैविक मागणाऱ्या पालकांना मी हेच ऐकवत आलो आहे. मग रोगाचे मूळ शोधले, ते आमच्याच मायेत सापडले. सकाळी आई, दुपारी शाळेतून आलेली नात आणि रात्री मी, असे तिघेही माशांना खाऊ घालत होतो. न खाल्लेले अन्न तळाशी साचे आणि त्यावर गोगलगायी पोसल्या जात. "खातच नाही हो," म्हणून बाळाला दिवसभर भरवणाऱ्या घरांत आणि आमच्यात फरक तो काय?

उपचार साधाच ठरला. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच अन्न. दर आठवड्याला नळीने तळचा गाळ ओढून पाव हिस्सा पाणी बदलणे. रात्री बशीत काकडीची चकती ठेवून, सकाळी तिच्यावर जमलेल्या गोगलगायींसह ती उचलणे. नवी वनस्पती तीन आठवडे वेगळ्या भांड्यात. २०२० नंतर 'क्वारंटाइन'चा अर्थ नातीलाही समजावून सांगावा लागला नाही. काढलेल्या गोगलगायी विहिरीत वा तलावात मात्र कधीही सोडू नयेत. परक्या जाती तेथे ठाण मांडतात.

गोगलगाय म्हटले, की आपल्या व्यवसायबंधूंना शिस्टोसोमायसिस आठवेल. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे १९५० च्या दशकात त्याचे मानवी रुग्ण नोंदले गेले होते. मात्र त्या परजीवीचे चक्र पुरे व्हायला बाधित माणूस वा प्राणी आणि विशिष्ट जातीची गोगलगाय, दोन्ही लागतात. घरच्या टाकीतच वाढलेल्या गोगलगायींची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. टाकी साफ केल्यावर साबणाने हात धुणे पुरे.

आज टाकीत दहा-बारा गोगलगायी आहेत आणि त्या काचेवरचे शेवाळ खातात. त्यांना समूळ नष्ट करण्याचा हट्ट मी सोडला आहे. टाकीशेजारी कालनिर्णय टांगले आहे. माशांना खाऊ दिला, की नात त्या तारखेवर फुली मारते; आणि फुली दिसली, की आई नाइलाजाने डबी परत ठेवते.