चितपट झालेला तर्क उठतो तेव्हा

अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या तारखा कोल्हापुरात अनेकांना तोंडपाठ असतात. ९ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप आणि उंबरे ओलांडून देवीच्या चरणांना लागतात. पुढच्या दोन दिवसांत वर चढत मुखावर जातात. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी पुन्हा तेच, कारण दक्षिणेकडे जाताना आणि परतताना सूर्य या दिवसांत जवळपास एकाच जागी मावळतो.

आता मंडपातल्या गर्दीत उभं राहून तर्क लढवा. आज ९ नोव्हेंबर, म्हणजे किरणं चरणांपर्यंत येणार. कुणीतरी म्हणतं, ‘पश्चिमेला ढग आलाय.’ झालं, तर्क चितपट! तेवढ्यात महाद्वार रोडवरून फोन येतो, ‘ढग पांगला बघा.’ आणि पडलेला पैलवान उठून उभा! गंमत ही की त्याच्या अंगात नवी ताकद आलेली नाही. त्याला पाडणाराच पडला.

भूमितीत असं होत नाही. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश हे सिद्ध झालं की झालं, वर कितीही माहिती येऊ दे. पण माणूस दिवसभर करतो तो विचार मागे घेता येण्याजोगा असतो, आणि त्यालाही काटेकोर नियम आहेत. १९८० साली रेमंड रायटर यांनी, विरुद्ध काही कळेपर्यंत धरून चालायच्या गोष्टींचं तर्कशास्त्र मांडलं. १९९५मध्ये फान मिन्ह झुंग यांनी तर कमालच केली. तर्काच्या पोटात काय आहे ते बघूच नका, म्हणाले. कोण कुणाला खोडतो तेवढे बाण काढा. ज्याच्यावर बाण नाही, तो उभा. तो ज्याला खोडतो, तो बाद. बाद झालेल्याचे बाण पुसा आणि पुन्हा बघा.

खोडण्याचेही प्रकार आहेत. समजा, फोटोत चरण सोनेरी दिसतात, म्हणून किरणं पोचली असं कुणी म्हणालं. दुसरा म्हणाला, ‘आतला दिवा चालू होता की.’ त्यानं किरणं आली नाहीत असं म्हटलेलंच नाही! फक्त पुरावा आणि निष्कर्ष यांतला दोर कापला. निष्कर्षच खोटा म्हणणं वेगळं आणि असा दोर कापणं वेगळं, हा भेद जॉन पोलॉक यांनी नेमका मांडला. आपल्या नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचा, ‘उपाधी’ (न सांगितलेली अट) त्याच्या फार जवळचा: आग आहे म्हणून धूर असणारच, असं नाही, जळण ओलं हवं. गुऱ्हाळाच्या चुलवाणात ओलं चिपाड पडलं की धूर, नुसत्या निखाऱ्याला कुठला?

आणि ‘ढग सरकतोय’ व ‘ढग दाटतोय’ हे दोन्ही तर्क तुल्यबळ असले तर? नैयायिक त्याला सत्प्रतिपक्ष म्हणतात आणि निर्णय देत नाहीत. झुंग यांच्या आकृतीत दोन बाण समोरासमोर येतात. सावध हिशेब दोन्ही तर्क बाजूला ठेवतो. धीट हिशेब म्हणतो, कुठलाही एक घ्या, दोन्ही मात्र नाही.