यादीत मावलेले घर

खपरा भुंगेरा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. गव्हाच्या जुन्या कोठारात, पोत्याच्या शिवणीत त्याची केसाळ अळी सापडते, आणि साठवणीचे धान्य सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भारतीय उपखंड हेच त्याचे मूळ घर मानतात. इंग्रजीतही त्याला आपल्याकडच्याच ‘खपरा’ या नावाने ओळखतात. याच किड्यामुळे आज पुण्या-मुंबईहून मेलबर्नला निघालेल्या बिऱ्हाडातून जिरे, धने, सुक्या लाल मिरच्या, बडीशेप, तूर, हरभरा, मूग आणि तांदूळ बाद झाले आहेत.

२०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कांगारू बेटावर थायलंडहून आलेल्या फ्रिजच्या वेष्टनात हा किडा निघाला. फ्रिजमध्ये त्याने खावे असे काहीच नव्हते. पण खपऱ्याची अळी कंटेनरच्या तळाच्या फळ्यांमधल्या फटींत दडून बसते, अन्नावाचून वर्षानुवर्षे तग धरते आणि पुढच्या फेरीच्या मालाला चिकटून उतरते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने प्रवाशांच्या घरसामानातून असे धोक्याचे धान्य आणि मसाले आणायला बंदी घातली. जिऱ्याची पुडी आईने कितीही जपून बांधलेली असो, ती सीमेवरून पुढे जात नाही. आणि ती यादीत न लिहिता खोक्यात सरकवली असेल, तर एवढ्याशा पुडीपायी सगळे सामान अडकते.

परदेशी घर हलवताना लोक सगळ्यात जास्त विचार दराचा करतात. कोणता पॅकर स्वस्त, जहाज बरे की विमान, किती दिवस लागतील, हे प्रश्न रास्तच आहेत. पण या सगळ्या व्यवहाराचा कणा आहे तो सामानाची यादी. भाडे तिच्यावर ठरते, कस्टम तिच्यावर चालते, विम्याचा दावा तिच्यावर उभा राहतो. तरी बहुतेक घरांत ती पॅकिंगच्या दिवशी, धावपळीत, पॅकरचा माणूसच लिहितो, आणि घरमालक खाली सही करून मोकळा होतो.

आधी भाड्याचे पाहू. समुद्रमार्गे सामान जाते ते मुख्यतः आकारमानावर, म्हणजे घनमीटरवर. धंद्यातले लोक त्याला ‘सीबीएम’ म्हणतात. विमानाने जाते ते वजनावर. पण त्यात एक मेख आहे. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहा हजारांनी भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल, तर भाडे त्या आकड्यावर लागते. साठ बाय पंचेचाळीस बाय पंचेचाळीसच्या खोक्यात दोन गोधड्या आणि चार उशा भरल्या, तर वजन सहा-सात किलो भरेल. विमान कंपनी पैसे घेईल वीस किलोंचे. उलट पुस्तकांचे पंचवीस किलोंचे लहान खोके विमानाने पुरत्या पंचवीस किलोंना पडते, पण जहाजात ते घनमीटरचा विसावा हिस्साही अडवत नाही. म्हणून पुस्तके, पितळेची भांडी, कुकर, पाटा-वरवंटा असे जड आणि आटोपशीर सामान जहाजाने न्यावे. हलके पण फुगीर सामान मात्र न्यावे की नाही, इथूनच विचार करावा.

वीस फुटी कंटेनरात आतली जागा सुमारे तेहतीस घनमीटर असते. दोन बेडरूमच्या घरातले फर्निचर त्यात साधारण बसते. बहुतेकांचे सामान मात्र चार-सहा घनमीटरचेच असते. अशा वेळी चार-पाच घरांचे सामान एकाच कंटेनरात भरतात. हे स्वस्त पडते, पण कंटेनर भरेपर्यंत थांबावे लागते, आणि एका घराच्या कागदांत खोट निघाली तर बाकीच्यांचेही दिवस जातात.

मुंबई परिसरातले असे बहुतेक सामान उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरातून निघते. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदराभोवती कंटेनर भरण्याची मोठमोठी आवारे आहेत. कस्टमची तपासणी आणि सील तिथेच लागते. पुढे माल कोलंबो किंवा सिंगापूरसारख्या बंदरात दुसऱ्या जहाजावर चढू शकतो. दारातून दारात पोहोचायला दोन ते तीन महिने धरून चालावेत. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर युरोपकडे जाणारी अनेक जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. थंडीच्या तोंडावर लंडनला पोहोचणाऱ्याने स्वेटर कंटेनरात घालणे किती महाग पडते, हे वेगळे सांगायला नको.

यादी कोणत्या देशात दाखवायची आहे, त्यावर तिचे स्वरूप बदलते. अमेरिकेत मागून येणाऱ्या सामानासाठी ३२९९ क्रमांकाचा अर्ज भरतात. घरातल्या वस्तू किमान वर्षभर वापरलेल्या असतील तर त्यांवर शुल्क नाही. ब्रिटनमध्ये करमाफीची परवानगी आधी मागावी लागते, वस्तू निदान सहा महिने आपल्या मालकीच्या असाव्या लागतात आणि तिथे गेल्यावर वर्षभर त्या विकता येत नाहीत. कॅनडाचा नियम सगळ्यात नेमका आहे. स्थायिक व्हायला म्हणून पहिले पाऊल ठेवाल त्याच दिवशी, विमानतळावर, मागून येणाऱ्या वस्तूंचीही यादी द्यायची. तिथे जे लिहिले नाही त्यावर पुढे कर लागू शकतो. म्हणजे जहाज न्हावा-शेव्यातून सुटायचे असतानाही यादी पक्की हवी. ‘किचनचे सामान, १ खोके’ असे लिहून भागत नाही. ‘स्टीलचे डबे १२, प्रेशर कुकर २, वापरलेले’ असे लिहावे लागते.

या देशांचे नियम पाळायच्या आधी आपला कायदा आहेच. पुराणवस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांपूर्वीच्या पुराणवस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. शंभर वर्षे हा काळ ऐकायला फार वाटतो. पण पणजीच्या लग्नातली समई, वाड्यातून आलेला देव्हारा, लाल कापडात बांधून ठेवलेली हस्तलिखित पोथी, यांचे वय मोजले की अनेक मराठी घरांतल्या वस्तू त्या रेषेजवळ येतात. वस्तू जुनी वाटते पण तेवढी जुनी नसेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ती तपासून तसा दाखला देते. तो निघण्याआधी घ्यावा लागतो. कंटेनरच्या दाराशी उभे राहून तो मिळत नाही.

शिसवी पलंगाचीही तीच गत. शिसव ज्या वृक्षवंशात येतो त्या सगळ्या जातींना २०१७ पासून वन्य प्रजातींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार लागू आहे. दहा किलोंपर्यंतच्या तयार लाकडी वस्तूंना सूट आहे, पण पलंग किंवा झोपाळा काही दहा किलोंचा नसतो. वाद्यांना मात्र २०१९ मध्ये यातून मोकळीक मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती.

वाद्यांचा विषय निघाला की मिरजेला जावेच लागते. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे जगभर जातात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोरा परदेशी पाठवणे हे या सगळ्या खटाटोपाचे उत्तम उदाहरण आहे. त्याचा तुंबा म्हणजे वाळवलेला भोपळा, तेव्हा वनस्पतिजन्य वस्तू म्हणून तो लिहून द्यावा लागतो. लाकडी पेटीत घातला, तर त्या पेटीचे लाकूड किमान तीस मिनिटे गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापवलेले किंवा धुरी दिलेले असावे लागते, आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असलेला आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो. वाद्य जुने असेल तर तारा ज्यावर टेकतात ती घोडी पाहायची. पूर्वी ती हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असे, आणि अशी वस्तू वन्यजीव कायद्यामुळे देशाबाहेर नेता येत नाही. जाणकार वाद्यकार प्रवासाआधी तारा सैल करून देतात, तुंब्याभोवती मऊ भर घालतात. एवढे सगळे नीट केले, तर मिरजेचा तंबोरा न्यू जर्सीतल्या बैठकीत सुरात लागतो.

स्वयंपाकघरात आणखी दोन वस्तू अनपेक्षितपणे अडतात. कापूर पेट घेतो, हे सगळ्यांना माहीत. पण वाहतुकीच्या नियमांत तो ज्वालाग्राही घनपदार्थ म्हणून रीतसर नोंदलेला आहे, हे थोड्यांना माहीत असते. दुसरी वस्तू सुके खोबरे. त्यातल्या तेलामुळे साठ्यात उष्णता धरते आणि ते आपोआप पेटू शकते, म्हणून तेही धोक्याच्या मालात गणतात. देवघराचे खोके आणि मसाल्याचे खोके भरताना या दोन्ही वस्तू सवयीने हाताशी येतात. त्या इथेच ठेवाव्यात.

मिक्सरचाही प्रश्न दरवर्षी हजारो घरांत पडतो. भारतात वीज २३० व्होल्टची, अमेरिकेत घरगुती पुरवठा १२० व्होल्टचा आणि लहरींची गतीही वेगळी, पन्नासऐवजी साठ हर्ट्झ. इथला मिक्सर तिथे थेट चालत नाही. जड ट्रान्सफॉर्मर घेऊन बसावे लागते. अमेरिकेसाठीचे ११० व्होल्टचे भारतीय मिक्सर मिळतात, तेच न्यावेत. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये वीज आपल्यासारखीच आहे. तिथे फक्त पिन बदलते.

ओलाव्याकडे तर कोणी लक्षच देत नाही. जुलैत मुंबईत भरलेल्या कंटेनरात पावसाळी हवा कोंडली जाते. जहाज थंड पाण्यात शिरले की कंटेनरचे छत गार पडते, आतल्या हवेतले पाणी त्यावर जमते आणि थेंबाथेंबाने सामानावर गळते. रेशमी साड्यांना बुरशी लागते ती अशी. विमा कंपन्यांच्या अनेक पॉलिसींत बुरशीची भरपाई नसते. पैठणी बरोबरच्या बॅगेत ठेवावी. न जमल्यास सामान पूर्ण वाळवून, ओलावा शोषणाऱ्या पिशव्या घालून, शक्यतो पावसाळा टाळून पाठवावे.

विम्याच्या कागदात तीन इंग्रजी अक्षरे फार महत्त्वाची असतात: पी. बी. ओ., म्हणजे मालकाने स्वतः भरलेले खोके. आत काय होते आणि कसे बांधले होते हे पॅकरने पाहिलेले नसल्यामुळे अशा खोक्यातल्या फुटतुटीची भरपाई बहुधा मिळत नाही. काचेची भांडी म्हणूनच पॅकरकडून बांधून घ्यावीत. किंमत लिहिताना दहा वर्षांपूर्वी इथे दिलेली नको. ती वस्तू तिकडे नव्याने घ्यायची झाली तर काय पडेल, ती लिहावी. कमी लिहिली तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते.

विमा काढायचा तो केवळ फुटतुटीसाठी नव्हे. २३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतले. सहा दिवसांनी ते सुटले, पण भरपाईचा वाद मिटेपर्यंत, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, इजिप्तमध्ये अडकून राहिले. त्यावर सुमारे अठरा हजार कंटेनर होते. जहाजाच्या मालकांनी ‘जनरल अॅव्हरेज’ जाहीर केले. समुद्रावरचा हा फार जुना संकेत आहे: जहाज वाचवण्यासाठी आलेला खर्च त्या जहाजावरच्या सगळ्या मालाच्या मालकांनी हिश्शाने सोसायचा, मग एखाद्याच्या मालाला ओरखडाही गेलेला नसो. विमा असेल त्याची हमी विमा कंपनी देते. नसेल त्याला आधी रोख अनामत भरावी लागते, तेव्हाच माल सुटतो. घरसामानालाही यातून सूट नाही. २५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एमएससी एल्सा ३’ सहाशेहून अधिक कंटेनरांसह बुडाले, तेव्हा पुढचे कितीतरी दिवस कंटेनर कोल्लम आणि आलप्पुळाच्या किनाऱ्यांवर वाहून येत होते. असे क्वचित घडते. पण घडते.

पॅकर निवडताना दराचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. दर बंदरापर्यंतचा आहे की दारापर्यंतचा? तिकडच्या बंदराचा हाताळणी खर्च, तपासणीचा खर्च, मुदतीनंतरचे गोदामभाडे कोणाकडे? सगळ्यात कमी दर बहुधा या खर्चांना वगळून दिलेला असतो, आणि सामान दुसऱ्या देशात पोहोचल्यावर घासाघीस करायला हातात काही उरत नाही. घरसामान हलवणाऱ्यांची ‘फिडी’ ही जागतिक संघटना १९५० पासून आहे. तिची तपासणी पार केलेल्या कंपन्यांची नावे पाहता येतात. घरी येऊन सर्व्हे न करता फोनवर दर सांगणाऱ्याला घर देऊ नये.

पदवीची मूळ प्रमाणपत्रे, दागिने, औषधे आणि जुने फोटो कंटेनरात घालू नयेत. सोने बरोबर नेत असाल, तर निघताना विमानतळावर कस्टमकडून त्याचा दाखला घ्यावा, म्हणजे परत येताना त्यावर शुल्काचा प्रश्न उठत नाही.

आणि पॅकरला पहिला फोन करण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे. माळा, बाल्कनी, देवघर, स्वयंपाकघर असे एकेक करत प्रत्येक वस्तू वहीत लिहावी: किती, किती जुनी, किती किमतीची. मौल्यवान वस्तूंचे फोटो काढावेत. खोक्यांवर नंबर पडले की ते नंबर त्याच वहीत उतरवावेत. या यादीची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि दुसरी इथे मागे राहणाऱ्या आई-वडिलांकडे किंवा भावंडांकडे द्यावी. एजंटाच्या कार्यालयात जाऊन कागद दाखवायची वेळ आली, तर ते त्यांनाच करायचे आहे.