दीर्घिकांचा जमाखर्च

थंडीच्या दिवसांत रात्रीची जेवणं आटोपली की पाच मिनिटं बाहेर येऊन मृग नक्षत्र शोधा. एका ओळीतल्या तीन ताऱ्यांचा तो बाण परदेशातल्या आकाशातही चटकन सापडतो. आकाश पुरेसं काळोखं असेल तर बाणाच्या जवळच एक धूसर ठिपका दिसेल. तो तारा नाही. सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरचा तो वायू आणि धुळीचा मेघ आहे, आणि त्यात नवे तारे जन्माला येत आहेत.

ताऱ्यांचा कच्चा माल म्हणजे मुख्यतः हायड्रोजन. पण नुसता हायड्रोजन असून भागत नाही, तो थंड हवा. तापलेल्या वायूचे कण इतके जोरात धावतात की गुरुत्वाकर्षणाला त्यांना एकत्र ओढता येत नाही. तापमान उणे २६० अंश सेल्सियसच्या आसपास उतरलं, की मेघाचे दाट भाग स्वतःच्याच वजनाने कोसळू लागतात.

इथे धूळ कामाला येते. ही आपल्या अंगणातली धूळ नव्हे. हे सिलिकेट आणि कार्बनचे कण बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. आपल्या आकाशगंगेत शंभर किलो वायूमागे धूळ जेमतेम एक किलो. पण हायड्रोजनचे सुटे अणू तिच्याच पृष्ठभागावर भेटतात आणि त्यांचे रेणू बनतात. शिवाय ताऱ्यांचे अतिनील किरण अडवून ती मेघाचा गाभा थंड ठेवते. अडवलेली ऊर्जा ती अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकते. म्हणूनच साध्या दुर्बिणीत काळा दिसणारा मेघ अवरक्त दुर्बिणीत उजळून निघतो.

आता जमाखर्च पाहू. आपल्या आकाशगंगेत आज वर्षाला साधारण एक-दोन सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे बनतात. सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी मात्र विश्वात तारे आजच्या जवळजवळ दसपट वेगाने बनत होते. मग हा वेग का मंदावला? खर्च कळला तरी शिल्लक किती होती, हे कळल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

शिल्लक मोजायचा मार्ग आहे. हायड्रोजनचा सुटा अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओ लहर सोडतो, पण सरासरी सुमारे एक कोटी वर्षांतून एकदा! त्यामुळे दूरच्या दीर्घिकेचा हा संदेश अतिशय क्षीण असतो. २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्रातल्या आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यावर तोडगा काढला. नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी दुर्बिणीने, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी, त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश टिपले आणि ते एकत्र करून सरासरी काढली. एकट्याची कुजबुज ऐकू येत नाही, पण हजारोंची एका सुरात आली की कानावर पडते, तसंच हे.

उत्तर चकित करणारं होतं. सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या त्या दीर्घिकांमध्ये अणुरूप हायड्रोजन सरासरी १२ अब्ज सूर्यांइतका होता. शिल्लक भरपूर होती, पण खर्चही तसाच. बाहेरून नवा वायू आला नसता तर ही सारी पुंजी एक ते दोन अब्ज वर्षांत संपली असती. म्हणजे दीर्घिकेला साठवलेल्या पुंजीवर फार काळ जगता येत नाही, तिला सतत आवक लागते. ही आवक खर्चाला पुरेनाशी झाली आणि ताऱ्यांची निर्मिती मंदावली, असं हे मोजमाप सुचवतं.

पुन्हा त्या धूसर ठिपक्याकडे बघा. आपला सूर्यही अशाच एका मेघातून, ४.६ अब्ज वर्षांपूर्वी, जन्मला. ताऱ्यांची निर्मिती ओसरत असतानाच्या काळातलं हे अपत्य. त्या वेळी आकाशगंगेच्या खात्यात थोडा थंड वायू आणि चिमूटभर धूळ शिल्लक होती, म्हणून आज तिच्याकडे बघायला आपण आहोत.