रुळालाही वळण लावावं लागतं!

मुलांना वळण लावण्यात आपण बायका तरबेज. पण खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांना? डोंबिवली-ठाण्याकडे घरामागे चार हात जागा असली, की बापलेक हौसेने रूळ मांडतात. गाडी पहिल्याच वळणावर कलंडते. मग मुलांचे रुसवे काढायचे आपण!

कल्याणहून नेरळ जवळच. तिथून माथेरानला जाणारी दोन फुटी रुळांची गाडी १९०७ साली सुरू झाली, ती वळणं घेतच डोंगर चढते. आपल्या बागेतही वळण नीट जमायला हवं.

आधी दोरी-खडूने वळण आखा. दोन्ही रूळ वेगवेगळे वाकवा. नुसता हाताने दाबून बसवलेला रूळ पुन्हा सरळ होऊ पाहतो आणि सांध्याशी कोपरा निघतो. त्यासाठी तीन चाकांचं छोटं यंत्र असतं. स्क्रू किंचित आवळायचा, रूळ सरकवायचा, पुन्हा आवळायचा. घाई केलीत तर बाक एकसारखा येणार नाही. टोकं मात्र सरळच राहतात. म्हणून रूळ थोडा लांब घ्या आणि मागून टोकं कापून कानस मारा.

ब्लाउजच्या गोल गळपट्टीची बाहेरची कड लांब असते ना? तसंच इथे. रुळांत ४५ मिलिमीटर अंतर असेल, तर अर्ध्या वर्तुळाला बाहेरचा रूळ १४ सेंटिमीटर जास्त लागतो; मग वळण लहान असो वा मोठं.

उन्हात पितळ वाढतं. सांध्यात मिलिमीटरभर फट ठेवा.

आणि हो, स्क्रू फिरवायला मुलीलाही बोलवा बरं का!