ग्रीस कोणते घालावे?

घरात मोटार असली की तिच्या पेट्रोलची, हवेची आणि विम्याची आठवण सर्वांस असते; परंतु तिच्या सांध्यांस व चाकांच्या बेअरिंगांस लागणाऱ्या ग्रीसचा विचार सहसा कोणी करीत नाही. ते मिस्त्र्याचे काम, असे म्हणून आपण मोकळे होतो. आमचा प्रकार थोडा निराळा. आम्हांस मिस्त्र्याची मजुरी वाचविण्याची हौस, आणि त्या हौसेपायी गेल्या पावसाळ्यात आम्ही आमच्या वृद्ध काकूंचा जीव घाटात टांगणीस लावला. हकीकत सांगावयास संकोच वाटतो खरा; परंतु घरोघरी माळ्यावर जुने डबे असतात, म्हणून सांगतो.

आमची गाडी जुन्या घडणीची. हल्लीच्या बहुतेक मोटारींत चाकाचे बेअरिंग कारखान्यातूनच ग्रीससह बंद होऊन येते. ते उघडावयाचे नसते, बिघडले की बदलावयाचे असते. आमच्या गाडीचे तसे नाही. पुढची चाके उतरवून बेअरिंगे काढावी, रॉकेलने धुवावी आणि नवे ग्रीस भरून बसवावी, असा तिचा नेम. जूनमध्ये आम्ही हे काम घरीच केले. वडिलांच्या वेळचा एक डबा माळ्यावर होता. त्यावर ‘बेअरिंग ग्रीस’ एवढीच अक्षरे शिल्लक. बाकीचा कागद झुरळांनी खाल्लेला. आतले पिवळे ग्रीस मात्र नव्यासारखे दिसत होते. चांगली वस्तू टाकून का द्यावयाची, हा आमच्या घरचा जुना बाणा. तेच भरले.

जुलैत काकूंना घेऊन कऱ्हाडहून चिपळुणास निघालो. कोयनेच्या खोऱ्यात दोन ठिकाणी रस्त्यावर चाके निम्मी बुडतील इतके पाणी होते. त्यातून गाडी काढली. पुढे कुंभार्ली घाट उतरू लागलो तो उजव्या चाकातून जात्यासारखी घरघर ऐकू येऊ लागली, आणि थोड्याच वेळात ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढ घेऊ लागली. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस दरी आणि समोर धुके. गाडी डोंगराच्या कडेस कशीबशी थांबविली, चाकांखाली दगड लावले. चाकाच्या मध्यास हात लावू गेलो तो चटका बसला.

घाटाखालच्या गावातून एक वयस्क मिस्त्री आला. त्याने चाक उतरविले. आत ग्रीस नव्हतेच. ताकासारखा पांढरा पातळ पदार्थ होता, आणि तो वाहत जाऊन ब्रेकच्या पट्ट्यांवर पसरला होता. मग त्याने डाव्या चाकाचे टोपण काढून तेथले ग्रीस दोन बोटांत धरून ताणले. त्याचे दोऱ्यासारखे तंतू निघाले.

“दादा, हे कुणी भरलं?”

“आम्हीच.”

“हे जुनं तंतूचं ग्रीस. याला पाणी सोसत नाही.”

छत्रीखाली बसलेल्या काकू म्हणाल्या, “अरे, तुझ्या वडिलांनी तो डबा विसरून ठेवला असेल, जपून नव्हे!”

त्या दिवसानंतर आम्ही या विषयात थोडे लक्ष घातले. ग्रीस म्हणजे निव्वळ घट्ट झालेले तेल नव्हे. त्यात वंगणाचे काम तेलच करते. त्या तेलास जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी त्यात बहुधा एक प्रकारचा साबण मिसळलेला असतो. स्पंजात पाणी राहावे तसे त्या साबणाच्या जाळीत तेल राहते व फिरत्या भागास लागेल तसे झिरपते. तेव्हा ग्रीसचा स्वभाव पुष्कळसा त्या साबणावर अवलंबून. चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या साबणाचे जुने ग्रीस पाण्यास दाद देत नाही, पण साठ अंशांच्या आसपास उष्णता गेली की त्याची घडण मोडू लागते. सोडियमच्या साबणाचे नेमके उलट: उष्णता सोसते, पण पाणी लागताच त्याशी एकजीव होऊन दुधाळते आणि वाहून जाते. आमच्या डब्यातले ते हेच. उजव्या चाकाचे सील झिजलेले होते. तेथून पाणी आत शिरले आणि उरलेले काम उतारावरील ब्रेकच्या उष्णतेने केले.

हे दोन्ही दोष ज्याने पुष्कळ अंशी दूर केले ते लिथियमचे ग्रीस. त्याचे पेटंट अमेरिकेत क्लॅरेन्स अर्ल याने १९४२ च्या सुमारास घेतले. या ग्रीसला जे स्निग्धाम्ल लागते ते एरंडेलापासून करतात, आणि एरंडाच्या उत्पादनात जगात हिंदुस्थान पहिला आहे. त्यातही मोठा वाटा गुजरातचा. आपल्या आजोबांच्या बैलगाडीच्या आखाला एरंडेल लागे, आणि परदेशी बनावटीच्या डब्यातही रूप पालटून तोच एरंड बसलेला असावा, याची आम्हांस मोठी मौज वाटते. साधे लिथियम ग्रीस सुमारे १९० अंशांस वितळून ठिबकू लागते. ‘लिथियम कॉम्प्लेक्स’ नावाचे ग्रीस साधारण २६० अंशांपर्यंत टिकते. अर्थात हे ठिबकण्याचे अंश झाले. चालविण्याची मर्यादा त्याच्या पुष्कळ खाली समजावी. चकतीचे ब्रेक असलेल्या चाकास दुसरेच घेणे बरे.

डब्यावर एक आकडा असतो, तो घट्टपणाचा. अमेरिकेत १९३३ साली स्थापन झालेल्या एनएलजीआय या संस्थेने ०००, ००, ० आणि मग १ पासून ६ पर्यंत अशा प्रती ठरविल्या आहेत. पंचवीस अंश उष्णतेस एक ठराविक शंकू ग्रीसवर सोडतात आणि तो पाच सेकंदांत किती खोल जातो ते मोजतात. २६.५ ते २९.५ मिलिमीटर गेला तर ते दोन नंबरचे ग्रीस. गृहिणींस समजेल असे सांगावयाचे तर ००० म्हणजे पातळ वरण, २ म्हणजे घट्ट श्रीखंड आणि ६ म्हणजे थापलेली वडी. मोटारीच्या चाकांस व सांध्यांस बहुधा दोन नंबरच लागतो. त्याखेरीज ‘जीसी-एलबी’ अशी अक्षरे आढळली तर ते ग्रीस चाकाच्या बेअरिंगांस आणि खालच्या सांध्यांस, दोहोंसही वरच्या प्रतीचे ठरलेले आहे असे समजावे. रंगावरून मात्र काहीही ठरवू नये. लाल, निळा, हिरवा हे रंग कारखानदार आपल्या मर्जीने घालतात.

काळे ग्रीस ही एक निराळीच बाब. त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पूड असते. पत्त्यांच्या जुडीतील पाने एकमेकांवरून सरकावीत तसे तिचे थर सरकतात. पुढच्या चाकांना गती देणाऱ्या सी.व्ही. जॉइंटमध्ये धातू धातूवर दाबून घसरतो, तेथे हिचे काम. चाकाच्या बेअरिंगात रूळ गरगर फिरतात, घसरत नाहीत; तेथे तिची सहसा गरज नसते. सी.व्ही. जॉइंटचे रबरी बूट फाटले की आत धूळ जाऊन उत्तम ग्रीसही रेतीच्या लेपासारखे होते, म्हणून बूट अधूनमधून पाहावे. ब्रेकच्या कॅलिपरच्या खिळ्यांस तर खनिज तेलाचे ग्रीस लावूच नये. तेथील रबर त्याने फुगते. त्यासाठी सिलिकोनचे ग्रीस वेगळे मिळते.

आणखी एक चूक आम्ही पूर्वी नेहमी करीत असू: जुन्यावरच नवे भरणे. दोन जातींची ग्रीसे मिसळली की कित्येकदा दोन्ही आपला घट्टपणा सोडतात. पॉलियुरियाचे किंवा मातीच्या आधाराचे ग्रीस लिथियमशी सहसा जमत नाही. म्हणून बेअरिंग पूर्ण धुवावे, पूर्ण वाळवावे, मग तळहातावर ग्रीस घेऊन रुंद बाजूने दाबीत जावे. रुळांच्या फटींतून ते पलीकडे आले म्हणजे भरले. हब मात्र ठासून भरू नये. जास्त ग्रीस घुसळले जाऊन तापते आणि शेवटी बाहेरच येते. ग्रीस-निपल असलेल्या सांध्यांचे उलट: निपल आधी पुसून घ्यावे आणि जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारावी.

आता आमच्या गाडीत गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्याच प्रतीचे ग्रीस आहे, दोन्ही सील नवी आहेत, आणि त्याच काकू पुन्हा त्याच घाटाने चिपळुणास जाऊन आल्या. वडिलांचा तो डबा आम्ही टाकलेला नाही. माजघरातील झोपाळ्याच्या कड्यांस पाणी लागत नाही की उष्णता. तेथे ते पिवळे ग्रीस उत्तम चालते.