पडसें, ताप आणि शाळेची हजेरी

आषाढाची झड लागली कीं कोल्हापुरांतील घरोघरीं सकाळच्या चहाबरोबरच एक प्रश्न उभा राहतो: बाळ शिंकतो आहे, त्यास शाळेंत धाडावें कीं नाहीं? पूर्वीं हा प्रश्न घरांतील वडीलधारी बाई सुंठेच्या काढ्यानें सोडवीत असे. मार्च 2020 मध्यें शाळांस कुलुपें लागलीं आणि तेव्हांपासून साध्या शिंकेकडेही आपण संशयानें पाहूं लागलों. 2021 च्या जून-जुलैंत, राज्यांत इतरत्र दुसरी लाट ओसरत असतां आपल्या जिल्ह्यांत रुग्ण कमी होत नव्हते, हें कोणता कोल्हापूरकर विसरेल? जागतिक आरोग्य संघटनेनें 5 मे 2023 रोजीं आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. विषाणु मात्र राहिला.

शाळेच्या हजेरीचा आग्रह आपल्या गांवास नवा नाहीं. शाहू महाराजांनीं 1917 मध्यें प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि मूल न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेविला. तो योग्यच होता. परंतु शाळाशाळांतून दिलें जाणारें 'पूर्ण हजेरीचें बक्षीस' आम्हांस कधींच रुचलें नाहीं. त्यापायीं तापानें फणफणलेलीं मुलें बाकावर येऊन बसलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत.

नुसतें नाक वाहत असेल, ताप नसेल, मूल जेवत-खेळत असेल, तर रुमाल देऊन त्यास खुशाल धाडावें; नाहीं तर पावसाळाभर शाळा ओस पडावयाची! ताप असल्यास मात्र घरीं ठेवावें, व औषध न देतां पुरे चोवीस तास ताप आला नाहीं म्हणजेच पाठवावें. 'औषध न देतां' या शब्दांवर आमचा भर आहे. सकाळीं सात वाजतां पॅरासिटामॉल पाजून मुलास बसमध्यें बसविणारे पालक थोडे नाहींत. अकराच्या सुमारास औषधाचा अंमल उतरतो, आणि तोंवर मूल सगळ्या वर्गांत खोकून चुकलेलें असतें. श्वास जलद चालला, मूल पाणीही घेईना किंवा निपचित पडलें, तर मात्र तडक डॉक्टरांकडे न्यावें.

पडसें कोणतें व करोना कोणता, हें नुसत्या लक्षणांवरून ओळखतां येत नाहीं. तें तपासणीनेंच कळतें. मात्र सहवासानें रोग पसरतो, ही गोष्ट नवी नव्हे. स्पर्श, श्वास, सहभोजन व एकत्र शयन यांच्या योगें ज्वरादि रोग एकापासून दुसऱ्यास जडतात, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलेलेंच आहे.

खरी अडचण पुढेंच आहे. आईबाप दोघेही नोकरीस जाणार. मग आजारी नातू सांभाळावयाचा कोणीं? अर्थात् आजी-आजोबांनीं! आणि करोनाचें भय सर्वांत अधिक त्यांनाच. आजोबांस मधुमेह असेल, आजीस दमा असेल, तर नातवास मांडीवर घेऊन भरविणें हें प्रेमाचें असलें तरी शहाणपणाचें नव्हे. अशा वेळीं आई किंवा वडील यांपैकीं एकानें रजा घ्यावी. ती नेहमीं सूनबाईनेंच कां घ्यावी, हें आम्हांस समजत नाहीं. रजा मिळणें शक्यच नसेल, तर मुलाची खोली वेगळी करावी, खिडक्या उघड्या ठेवाव्या, आणि आजीनें तोंडास मुखपट्टी बांधूनच जवळ जावें.

अभ्यास बुडण्याचें भय पुष्कळांस वाटतें. दहावीच्या परीक्षेस बसण्यासाठीं 75 टक्के हजेरी लागते. म्हणजे चतुर्थांश दिवस हातांत राहतातच. तीन दिवसांचें गणित मित्राच्या वहीवरून एका रविवारीं उतरवून होतें.