कुर्ल्याची फियाट आणि सनदची मोटार

बहरीनमधील मनामाच्या दक्षिणेस, तुबली उपसागराच्या निकट वसलेल्या सनद येथे बिऱ्हाड थाटून राहिलेला मराठी गृहस्थ आज ज्या वातानुकूलित मोटारीतून कचेरीस जातो, तिची तुलना त्याच्या वडिलांनी मुंबईस बाळगलेल्या फियाटशी करावयाची, तर त्या दोन यंत्रांनी आपापल्या धन्याशी केलेले करार प्रथम तपासले पाहिजेत.

वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून बाहेर पडणारी ही फियाट 1964 मध्ये ‘डिलाइट’, 1972 मध्ये ‘प्रेसिडेंट’ आणि 1974 पासून ‘पद्मिनी’ म्हणवू लागली. नावे पालटली, परंतु 1089 घनसेंटिमीटरचे इंजिन आणि चाळीसेक अश्वशक्ती हा तिचा ऐवज बहुतांशी तोच राहिला. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर हाती आलेल्या या गाडीच्या करारातील कलमे कडक होती: सकाळी चोक ओढावा, पॉइंटमधील अंतर पत्तीने जुळवावे, प्लग घासावे, खंडाळ्याचा घाट चढताना पाणी उकळले तर मुकाट्याने थांबावे, आणि उन्हाने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटला तर पंपावर ओले फडके ठेवावे. मालकाला तसदी पडे खरी, परंतु यंत्राचे सारे दप्तर त्याच्यापुढे खुले असे.

बहरीनचा मुलूखही तेव्हा मुंबईकरास फारसा परका नव्हता; 1965 साली दिनार येईपर्यंत तेथे रुपयाचे चलन होते, आणि 1967 पर्यंत वाहने भारताप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत. पुढे वाहतूक उजवीकडे गेली, 1986 मध्ये सौदी अरेबियास जोडणारा पंचवीस किलोमीटरचा किंग फहद सेतू खुला झाला, आणि चाळीस अंशांवरील उष्म्यात दीर्घकाळ वेगाने धावणे हा नित्याचा व्यवहार ठरला. या व्यवहारास नवी मोटार सर्वथा योग्य आहे. तिचा पंप टाकीत बुडालेला असून पेट्रोल दाबाखाली इंजिनात फवारले जात असल्यामुळे वाफेची ती जुनी व्याधी सहसा उद्भवत नाही. अकस्मात ब्रेक दाबला तरी चाके जखडू नयेत अशी तजवीज तिच्यात असते, आणि टक्कर झालीच तर पुढचा सांगाडा स्वतः चुरडून आघात शोषतो व हवेच्या पिशव्या प्रवाशास सावरतात. मात्र तिचे दप्तर बंद असते. कसूर कोठे झाली हे प्रथम कार्यशाळेतील संगणकास कळते, आणि मालकापुढे येतो तो केवळ एक पिवळा दिवा.

मुंबईच्या टॅक्सी-ताफ्यातून अखेरच्या पद्मिनीने 30 ऑक्टोबर 2023 रोजी रजा घेतली, ती टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची वयोमर्यादा सरली म्हणून. तिच्याविषयीची माया रास्त आहे. तथापि मुलाबाळांना घेऊन सेतूवरून जाताना त्या मायेस निर्णयाचा अधिकार देता कामा नये, कारण जुन्या गाडीत प्राणरक्षणाचे कलमच जवळजवळ कोरे होते. नवी मोटार श्रेष्ठ आहे, हा निवाडा निःशंकपणे द्यावा. मात्र तिने मालकाची सर्वच कर्तव्ये माफ केली, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. आखाताच्या उष्म्यात कमी हवेचा टायर आजही फुटतो. म्हणून गाडीसोबत मिळालेली पुस्तिका वाचावी, आणि टायरमधील हवेचा दाब महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, स्वतः तपासावा.